चौकात सायकलवरून उतरलेली सून

नांदेडला वजिराबादच्या चौकात, भर गर्दीत, हवालदार हाताने 'चला' म्हणत असताना आणि पाठीमागे एसटी येत असताना, मी सायकलवरून टुणकन खाली उतरले, डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली घालून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. कारण समोरून सासरे येत होते.

आपलं काही चुकतंय असं मला तेव्हा तिळभरही वाटलं नाही. उलट आपण किती वळणाची सून आहोत हे सासऱ्यांच्या नजरेला पडलं म्हणून मी मनातून खूश. आज तशी एखादी पोरगी रस्त्यात उभी दिसली तर मी तिला वेणी धरून कडेला ओढीन. पण तेव्हा ती वेणी माझी होती.

आमचं गाव देवणीकडचं. गावात सायकली होत्या, पण त्या पुरुषांच्या. तेसुद्धा चावडीवर जाणती मंडळी बसलेली दिसली की आधीच खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून चालत पुढे जायचे. बसल्या जागेवरून मोठ्या माणसाच्या पुढून जाणं म्हणजे उद्धटपणा. मी लग्न होऊन नांदेडला आले, नवऱ्याची नोकरी तिथली. मला शहराच्या दुसऱ्या टोकाला बालवाडीत काम लागलं. पायी जाऊन पाय तुटायचे, म्हणून ह्यांनी मला शाळेच्या मैदानात सायकल शिकवली. पडायचं कसं नाही तेवढं शिकवलं. रस्त्यावर चालवायची कशी, हे त्यांनाही कुठं ठाऊक होतं? ते शिक्षण सासूबाईंनी पुरं केलं. दोनच गोष्टी सांगितल्या. पदर चेनमध्ये जाऊ द्यायचा नाही, आणि मोठं माणूस दिसलं की उतरायचं.

मी आज्ञाधारक. घरमालक दिसले, उतर. ह्यांचे साहेब दिसले, उतर. बालवाडीच्या मुख्य बाई रिक्षातून जाताना दिसल्या, तरी उतर. घरापासून बालवाडीपर्यंत मी सायकल चालवायचे कमी आणि उतरायचे जास्त.

त्या दिवशी सासरे गावाहून आले होते. स्टेशनजवळ तेव्हा तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. तसली एक घेऊन ते आमच्या घराकडे निघाले होते. धोतर, फेटा, कपाळाला विभूती. मागे कॅरिअरवर त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे भासरे, मांडीवर गुळाची ढेप घेऊन बसलेले. भर चौकात सून उतरलेली पाहून सासरेही गडबडले. सुनेनं मान दिला म्हटल्यावर आपणही थांबायला पाहिजे, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी कचकन ब्रेक दाबला. भासरे मागच्या मागे खाली. ढेप गडगडत टांग्याखाली गेली आणि टांग्याचं घोडं ती चाटायला लागलं. एसटीचा ब्रेक असा किंचाळला की पेरूवाला आपला गाडा सोडून पळाला. मी मात्र खाली मान घालून, पदर सावरून, उभीच!

हवालदार शिट्टी फुंकत माझ्यापुढे आला.

"बाई, मी चला म्हणून राहिलो अन् तुमी उतरून राहिलात! हितं मोठा कोण, मी का तुमचा सासरा?"

मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "सासरे."

अख्खा चौक हसला. भासरे धोतर झटकत उठले, तेही हसले. आणि त्या दिवसापासून ही गोष्ट त्यांची झाली.

आमच्याकडे भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. आता पोरं हसतात याला, पण आमच्या पिढीत तसंच होतं. त्यांना चहा हवा असला तर ते भिंतीकडे बघून म्हणणार, "चहा मिळंल का म्हणावं." मी आतल्या खोलीतून कुठल्या तरी पोराला सांगणार, "ठेवलाय म्हणावं." आमचा सगळा संसार असा 'म्हणावं'वर झाला. पण घरात लग्न असलं, बायकांची पंगत बसली, की भासरे मुद्दाम आमच्या पंगतीजवळ खुर्ची टाकायचे आणि भलत्याच कुणाला तरी मोठ्यानं सांगायचे: "नांदेडच्या चौकात काय झालतं, ठाऊक हाय का?" सासऱ्यांचा फेटा, घोडं, ढेप, 'मोठा कोण' आणि माझं 'सासरे'. लोक हसून हसून वाढलेली जिलबी बाजूला ठेवायचे. मी पदराआड हसायचे. त्या गोष्टीतली सून अक्कलशून्य आहे, आणि ती तशीच होती.

आता लातूरचं सांगते.

माझी नात डॉक्टर व्हायचं म्हणते. त्यासाठी लातूरलाच शिकवणी लावायची म्हणून मुलानं इथं ट्युशन एरियात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि तिला खाऊपिऊ घालायला माझी नेमणूक झाली. मुलगा-सून नांदेडला, त्यांच्या नोकऱ्या सोडून कसे येणार? हे गेल्यापासून मी मोकळीच होते. लातूरच्या त्या भागात सकाळी बघावं, नुसती पोरं. पाठीवर दप्तर, तोंडाला स्कार्फ, बुडाखाली सायकल. एखाद्या गावात जनावरांचा बाजार भरावा तशी गल्ल्या-गल्ल्यांतून बाहेर पडतात आणि मुख्य रस्त्यावर येऊन सांडतात. त्या सगळ्यांतून सिटीबस, ऑटो, दूधवाले आणि हॉर्नवर हात चिकटलेले मोटरवाले वाट काढत असतात.

नातीचा क्लास आमच्या गल्लीच्या जवळजवळ समोर, पण रस्त्याच्या पलीकडे. मधे डिव्हायडर. पलीकडे जायला जागा आहे ती लांब, डावीकडे सिग्नलच्या चौकात. नियमानं जायचं तर आधी तिकडे लांब जा, सिग्नलला थांब, डिव्हायडरला उजवीकडून वळसा घाल, आणि पुन्हा तेवढंच मागे ये. म्हणून सगळी पोरं काय करतात, तर गल्लीतून निघून उजवीकडे, उलट्या बाजूनं, कडेकडेनं जातात. तिथं कुणी तरी डिव्हायडरचा एक दगड काढून ठेवलाय, त्या फटीतून सायकल उचलून पलीकडे. दोन मिनिटांचं काम. आमची नातही तशीच जायची. मला ठाऊक नव्हतं. मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत बघायचे, पुढचं देवावर.

एके दिवशी सकाळी गेलेली पोर थोड्याच वेळात परत. कोपर सोललेलं, सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं, आणि सोबत एक दूधवाला, पँटीवर दूध सांडलेला. मी पदर खोचला.

"डोळे फुटले का रे तुझे? लेकरू दिसलं नाही?"

"आज्जी, मी डाव्या बाजूनंच हुतो," तो म्हणाला. "ही समोरून आली. डावीकडं ही, उजवीकडं टेम्पो. मी कुणीकडं जाऊ, सांगा तुमीच."

मी अजून दोन शिव्या तयार ठेवल्या होत्या. तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, त्यांचं काही नाही. मीच राँग साइडनं होते."

दूधवाल्यानं सायकल जिन्याखाली नेऊन लावली, पाणी प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "पोरगी खरं बोलली म्हणून बरं. न्हाईतर आमीच मार खातो." मला माझ्या त्या तयार ठेवलेल्या शिव्यांची लाज वाटली.

संध्याकाळी मीच मुलाला फोन केला. लपवायचं नाही हे ठरलेलं. तो माझ्या पोटचा, पण कान माझ्या सासूचे. त्याला 'पडली' एवढंच ऐकू आलं.

"माय, सायकल बंद. उद्यापासून ऑटो लाव. ती सायकल देऊन टाक कुणाला तरी."

नात माझ्या शेजारीच बसलेली. उठून गॅलरीत गेली. मी मागून गेले, तर डोळे पुसत होती. कोपराची आग होत असेल म्हणून मी फुंकर घालायला लागले.

"कोपर नाही दुखत, आजी," ती म्हणाली. "त्या ऑटोत पोरं कोंबतात, मला मळमळतं. आणि... सायकलवर असते ना, तेवढ्या वेळात मला कुणी काही विचारत नाही. मार्क किती, चॅप्टर किती झाले, काही नाही. दिवसातून तेवढंच."

पोरीनं हे अगदी हळू सांगितलं. मी परत फोन लावला.

"सायकल राहणार," मी म्हटलं. "मी शिकवते तिला रस्त्यावर चालवायला."

पलीकडे मुलगा हसला. "तू? माय, तू नांदेडच्या चौकात..."

"हाव, तीच मी. म्हणून तर मीच शिकवणार."

बरीच घासाघीस झाली. शेवटी तो म्हणाला की रविवारी तो येणारच आहे, मोठ्या काकांना लातूरच्या डॉक्टरकडं डोळे दाखवायचेत. काका बघतील, काका ठरवतील. मोठे काका म्हणजे माझे तेच भासरे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. असा माणूस माझ्या नातीचा रस्ता बघणार! मी म्हटलं, "चालतंय." पण भासऱ्यांनी एकदा शब्द दिला की आमच्या घरात तो कुणी मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी चाक सरळ करून आणलं. घरमालकिणीच्या लेकीची जुनी लेडीज सायकल जिन्याखाली धूळ खात होती, ती मागून घेतली. घरमालकीण म्हणाली, "आज्जी, येते का तुमाला अजून?"

"पडायला तर येते," मी म्हटलं.

उजाडताना, रस्ता रिकामा असताना, गल्लीत दोन चकरा मारल्या. गुडघ्यांनी कुरकूर केली, पण सायकलीनं मला ओळखलं. मीही तिला ओळखलं. फक्त एक खोड जिवंत निघाली. गल्लीच्या टोकाला जंगमस्वामी भिक्षेला येताना दिसले, आणि माझा उजवा पाय आपोआप पायंडलावरून उठला. मी त्याला दटावलं. तोंडानं स्वामींना शरणार्थ म्हटलं आणि पुढे गेले. स्वामी थांबून बघत राहिले, पण शाप वगैरे काही लागला नाही.

मग दोघी निघालो. नात पुढे, मी मागे. साडीचा काठ क्लिपांनी आवळलेला, पदर कमरेला गच्च. तिनं आधीच सांगून ठेवलं, "आजी, क्लासच्या गेटपर्यंत नको हं येऊ." आणि मुख्य रस्त्याला लागताच तिनं स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला.

मी तिला म्हटलं, डावी बाजू धर, पण गटारीला चिकटू नकोस. मधे येणारं झाकण चुकवायला तुला जागा पाहिजे. थांबलेल्या बसच्या डाव्या अंगाला शिरायचं नाही. उतरणारं माणूस तुझ्या अंगावर येईल आणि ड्रायव्हरला तू दिसणार नाहीस. वळायच्या खूप आधी मागे बघ, मग हात बाहेर काढ, आणि हात काढलास म्हणजे रस्ता तुझा झाला असं समजू नकोस. मागच्यानं तुला पाहिलं का, ते बघ. हे सगळं मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ज्याच्या त्याच्या शिव्या खाऊन नांदेडला शिकले.

उलट्या बाजूनं तिच्या वर्गातली पोरं सुसाट येत होती. एक जण ओरडला, "आज्जी, कोणच्या बॅचला?"

"तुझ्या बापाच्या!" मी म्हटलं. पुढे स्कार्फ हलला. पोरगी आत हसत होती.

सिग्नलला लाल दिवा. आम्ही पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबलो. थांबलेल्या आम्ही दोघीच. बाकी सगळे दिव्याखालून असे चाललेले, जणू तो दिवा कुणाच्या लग्नाची रोषणाई आहे. मागून एका मोटरवाल्यानं हॉर्न धरला. काच खाली करून म्हणाला, "ओ आज्जी, पोलीस न्हाई हितं. चला की."

"पोलीस नाही म्हणून तर थांबलेय," मी म्हटलं. "तो असता तर तूही थांबला असतास, त्यात काय मोठं?"

त्यानं काच वर केली. हॉर्न मात्र बंद झाला. तो माझ्यामुळे थांबला की पुढे जागा नव्हती म्हणून, ते मी विचारलं नाही. पुढे जागा नव्हतीच. आम्ही होतो ना!

नातीला मी तिथंच सांगितलं, "हा दिवा बघ. रस्त्यात हा सगळ्यात वडीलधारा. तुझा बाप आला, सर आले, मी आले तरी याच्यापुढं सगळे धाकटे."

पण रस्ता काही एवढ्यानं ऐकत नाही. दुसऱ्याच दिवशी लांबच्या वाटेनं गेल्यामुळे तिला उशीर झाला आणि क्लासचं दार बंद झालं. उलट्या बाजूनं आलेल्या मैत्रिणी आत बसलेल्या, आणि ही बाहेर पायरीवर. घरी आली ती फणफणत.

"नियम पाळला म्हणून मी बाहेर! तुला काय, तुला टेस्ट थोडीच द्यायचीय."

तिचं खरं होतं. मी वाद घातला नाही. "उद्यापासून पोहे लवकर," एवढंच म्हटलं. पोहे लवकर म्हणजे माझी उठायची वेळ अजून अलीकडे. उठले. ती डोळे चोळत, मी कांदा चिरत, दोघींचं पाणी सारखंच गळत होतं. मग वेळेवर पोचायला लागली. रोज त्या चौकात उभा असणारा एक ऑटोवाला आम्हाला ओळखायला लागला. आम्ही हात काढला की तो आपला ऑटो जरा मागे धरायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "थांब बे, आज्जीची बारात जाऊ दे." मी त्याला मान हलवून सलाम करायचे. ड्रायव्हर लोकांना आपण फक्त शिव्या द्यायलाच तोंड उघडतो. कधी थांबला तर एवढं तरी करावं.

शुक्रवारी मी भाजी आणायला पायी गेले होते. परत येताना बघते तर आमची राजकन्या. एकटी. उलट्या बाजूनं, कडेकडेनं, खाली मान घालून. मला पाहिलं आणि ब्रेक दाबला. तिथंच, वाहनांच्या तोंडावर. मी तिला हाताला धरून फुटपाथवर घेतलं.

"आज खूप दमले होते, आजी. एकदाच."

मी रागावणार होते. पण रागावून काय होतं ते मला माझ्या सासूमुळे ठाऊक आहे. माणूस डोक्यानं नाही, भीतीनं चालतं, आणि भीती वाटली की रस्त्याच्या मधे उतरतं. मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"मोठे काका लग्नात सांगतात ती गोष्ट तू ऐकलीस ना?"

"शंभरदा. घोडं गूळ चाटतं ती."

"तिच्यातला एक तुकडा ते सांगत नाहीत. त्यात हसण्यासारखं काही नाही म्हणून."

मग मी तिला सांगितलं. एसटी माझ्या मागे थांबली, तेव्हा तिच्यात पुढच्या बाकावर एक बाई तान्हं घेऊन बसली होती. ब्रेकच्या हिसक्यानं ती समोरच्या दांड्यावर आपटली. लेकराला तिनं छातीशी धरून ठेवलं, त्याला काही झालं नाही. तिचा ओठ फाटला. ती खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसली, पदरानं ओठ दाबून. चौक हसत होता आणि ती तिथं बसली होती. ड्रायव्हर उतरला. मला वाटलं आता मारतो. पण त्याला हातातला पाण्याचा तांब्याही धरता येत नव्हता. तो मला म्हणाला, "बाई, मान द्यायचा तर कडंला जाऊन द्या. माझ्या गाडीत लोकं हायत." तेवढंच. मी त्या बाईजवळ जायला पाहिजे होतं. गेले नाही. सासऱ्यांच्या समोर परक्या लोकांशी कसं बोलायचं, म्हणून पदर ओढून उभी राहिले.

"मला खरचटलंसुद्धा नाही," मी नातीला म्हटलं. "तू पडलीस तर तुझं कोपर. पण तुला चुकवायला गेलेल्याचं काय फुटेल, ते तुला दिसणारही नाही."

तिनं सायकल वळवली, हातात धरून गल्लीपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. पिशवी हँडलला अडकवली. कोथिंबिरीची जुडी रस्ताभर हलत होती.

रविवार आला. रविवारीही त्यांची टेस्ट असतेच. मुलानं कळवलं होतं की काकांना घेऊन तो अकराच्या सुमाराला पोचेल. मग दुपारी क्लास सुटल्यावर काका तिचं चालवणं बघतील. म्हणून मी सकाळी निवांत होते. म्हटलं, शेवटची एक फेरी तिच्यामागे करून येऊ, मग पुरणाचं बघू.

सिग्नलला थांबलो. नात पुढे, मी मागे, माझ्या मागे सिटीबस. हिरवा झाला. नातीनं मागे बघितलं, उजवा हात काढला, निघाली. मी निघाले. चौकाच्या बरोबर मधे आले आणि समोरच्या बाजूला लाल दिव्यापुढे पहिल्या रांगेत थांबलेली गाडी दिसली. आमचीच, अकराच्या आधीच पोचलेली. चालवायला मुलगा. शेजारी काळा चष्मा, पांढरी टोपी, कपाळाला विभूती. भासरे.

सांगते काय, माझा पाय उठला! एवढ्या वर्षांनी, एवढी शिकवण देऊन, माझा उजवा पाय पायंडलावरून उठला. हात पदराकडे निघाला. डोक्यात काहीच नव्हतं, फक्त 'उतर'. आणि समोर नात, हात बाहेर काढून वळत असलेली. मी उतरले असते तर ती आवाज ऐकून मागे बघणार, थांबणार. मागे सिटीबस. मला बसचं इंजिन पाठीत ऐकू येत होतं.

मी पाय खाली दाबला. इतका जोरात, की गुडघा आजही ते विसरलेला नाही. हात पदराकडून काढून उजवीकडे लांब केला. भासऱ्यांच्या डोळ्यांदेखत, डोकं उघडं, हात पसरलेला, मी त्यांच्या गाडीच्या नाकासमोरून सायकल हाणत गेले. मान वळवली नाही. वळण पुरं केलं, डावी बाजू धरली, चौक मागे पडू दिला, आणि रसवंतीच्या अलीकडे अगदी कडेला जाऊन मग उतरले. स्टँड लावला. मग डोक्यावर पदर घेतला आणि खाली मान घालून उभी राहिले.

नातही थांबली होती. "आजी, ते..."

"तुझी टेस्ट आहे. तू जा."

"पण माझ्या सायकलीचं काय ठरणार?"

"जा. मागे बघून जा."

तिनं मागे बघितलं, बस जाऊ दिली, आणि गेली. डावीकडून, कडेनं, पण गटारीला न चिकटता. उलट्या बाजूनं येणाऱ्या दोन पोरांना घंटी वाजवून.

मुलानं गाडी आणून रसवंतीपाशी नीट बाजूला लावली. तेवढं मी पदराआडून बघून घेतलं. तो उतरला तो घाबरलेला. "माय, तू त्या बसच्या पुढं..."

त्याला हातानं गप्प करून भासरे उतरले. काठी टेकत आले. चांगल्या डोळ्यावर हाताचा आडोसा धरून रस्त्याकडे बघत राहिले, नातीची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत. मी वाट बघत होते की आता ते रसवंतीच्या चरकाकडे तोंड करून बोलतील, 'सायकल देऊन टाका म्हणावं.' माझं उत्तर तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या शब्दाला शब्द देणार होते, आणि तोही मधे कुणाला न ठेवता.

ते चरकाकडे वळले नाहीत. माझ्याकडे वळले. काळा चष्मा काढला, आणि 'म्हणावं' न लावता, माझ्याशीच बोलले:

"बाई, पोरीची सायकल ऱ्हाऊ द्या. तुमी उतरता का काय म्हणून गाडीत माझा जीव खालवर व्हत हुता. न्हाई उतरलात, लई मान ठेवलात. पर आता मी लग्नात सांगू काय?"